चुकीच्या हातातली अंगठी

९ जानेवारी. सकाळी दाट धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा नाही.

मी एक अंगठी बोलतेय. सोन्याची नाही, निळ्या प्लास्टिकची. हिऱ्याच्या जागी बटणाहून लहान स्फटिक आहे. अंगावर पडलेले क्ष-किरण तो साठवतो. दर तीन महिन्यांनी मला प्रयोगशाळेत तापवतात, तेव्हा साठवलं तेवढं मी उजेडाच्या रूपात परत देते. त्यावरून घालणाऱ्याच्या बोटाला किरणांची किती मात्रा मिळाली ते कळतं. मग मी पुन्हा कोरी.

माझं बोट भंगाराच्या गोदामातल्या ताईंचं. अकरा वर्षं त्या धातू निवडतात. त्यांच्या हातातल्या यंत्राला सगळे ‘पिस्तूल’ म्हणतात. त्याचं तोंड तुकड्याला लावून घोडा दाबला की किरण सुटतात आणि तो कोणता धातू ते पडद्यावर उमटतं.

पहिल्या तीन खेपांना माझा आकडा नगण्य आला. मालकांनी प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या. “धुतल्या तांदळासारखं काम आहे आपलं!” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते. पिस्तूल उजव्या हातात, म्हणून ताईंनी मलाही उजव्याच हातात घातलं होतं. वॉशर, तारेचे तुकडे टेबलावर घरंगळतात, म्हणून ताई ते डाव्या चिमटीत धरून पिस्तुलाच्या तोंडापुढे आणत. किरण डाव्या बोटांवर, आणि मी मागे पाहुणीसारखी सावलीत!

ऑक्टोबरात पत्र्याची धार लागून उजव्या बोटाला पट्टी बांधावी लागली. ताईंनी मला डाव्या तर्जनीत घातलं आणि पट्टी सुटल्यावरही तिथेच ठेवलं. त्या खेपेची चिठ्ठी आली: १३१ मिलिसिव्हर्ट. हे किरणांच्या मात्रेचं माप. बोटांसाठी वर्षाची मर्यादा ५००; याच वेगाने वर्षभरात ती ओलांडली असती.

“प्रयोगशाळेची चूक असणार,” मालक म्हणाले. पण चिठ्ठी घेऊन सुरक्षा अधिकारी मॅडम त्या धुक्याच्या सकाळी आल्या. निम्मी सकाळ टेबलाजवळ उभ्या राहून काम पाहत होत्या. ताईंनी एक वॉशर चिमटीत उचलला.

“थांबा, ताई! हा असाच धरता? रोज?”

“मग काय दातात धरू? लहान तुकडा हलतो हो.”

“आणि आधी अंगठी कुठे होती?”

“उजव्या हातात. यंत्र जिथे, अंगठी तिथे.”

वजनकाट्यावरचे काका खो खो हसले. “म्हणजे चोर मागच्या दाराने आणि कुलूप पुढच्या दाराला!”

“तुम्ही तुमचं वजन करा, काका.” ताईंचा आवाज मात्र उतरला होता. डावा हात त्यांनी पदराखाली घेतला. “मॅडम, आता मला पिस्तुलावरून काढून धुण्याच्या हौदावर पाठवणार का? सरळ सांगा.”

“कुठेही नाही. तुमच्यासारखी नजर मला शोधून सापडायची नाही. फक्त चिमटी बंद. आजपासून नाही, आत्तापासून.”

दुपारी मॅडमनी बोलावलेल्या डॉक्टरांनी ताईंची दहाही बोटं भिंगाखाली पाहिली. कातडी ठीक होती.

चार दिवसांनी झाकणाची पेटी आली. पिस्तूल खालून अडकवायचं, तुकडा आत ठेवायचा, झाकण लावायचं. झाकण उघडं असेल तर किरण सुटतच नाहीत.

“उघडा, ठेवा, लावा! अशाने संध्याकाळ व्हायची,” ताई कुरकुरल्या. पहिल्या दिवशी दोनशे दहाऐवजी एकशे चाळीसच तुकडे झाले. तिसऱ्या आठवड्यात एकशे अठ्ठ्याण्णव. मोठे तुकडे टेबलावरच तपासतात. तेव्हा डावा हात कमरेवर. काका म्हणतात, “आता ताई भांडायला उभ्या राहिल्यासारख्या दिसतात.”

एप्रिल लागला. आज मी पुन्हा पाकिटात बसून तापायला निघालेय. जाण्याआधी, मला बोटात घालणाऱ्या सगळ्यांना एवढंच विनवते: मी ढाल नाही, साक्षीदार आहे. मला सावलीत बसवू नका. आणि मी बोटात आहे म्हणून बोट किरणांपुढे धरू नका.

२२ एप्रिल. अर्धवट ढगाळ, दुपारी उकाडा. चिठ्ठी आली. डावी तर्जनी, तीन महिने: नोंदवण्याजोगी मात्रा नाही. ताई पिस्तुलावर आहेत.