यांच्या जबड्याची पट्टी

माझा नवरा पक्का जैन. कांदा खात नाही, लसूण खात नाही, चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही. तंबाखू-सुपारीचा मावा मात्र वर्षानुवर्षं खाल्ला. मी ओरडले की मलाच विचारायचे, "मावा काय कंदमूळ हाय व्हय?" खालच्या जबड्याला कॅन्सर निघाला तेव्हा मला सगळ्यात आधी यांचा राग आला. अजूनही तोच आधी येतो.

यांचं नाव भरतेश. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. कुणाच्या जुन्या मशीनचा बाजारात न मिळणारा पार्ट, कुणाच्या डोक्यातल्या नव्या यंत्राचा पहिला नमुना, अशी एकेका नगाची कामं हे घेतात. गिऱ्हाईक आलं की यांचे तीन प्रश्न ठरलेले. किती पायजेत, कशाला पायजेत, कवा पायजेत? त्यावरून पद्धत ठरायची. नुसता आकार बघायचा असेल तर प्लास्टिकचा प्रिंट, ताकद लागणार असेल तर धातूच्या ठोकळ्यातून कातून, हजारांनी लागणार असतील तर साचा. एक गोष्ट मात्र यांना खपत नसे. ठोकून, वाकवून बसवलेला पार्ट दिसला की यांचं डोकंच फिरायचं. पार्ट आपला आपण बसला पाहिजे म्हणायचे आणि कामगाराकडून सगळं काम पुन्हा करून घ्यायचे.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जबड्याचा रोगट भाग काढायचा आणि तिथं टायटॅनियमची पट्टी बसवायची. रस्ते दोन होते. एक म्हणजे स्कॅनवरून जबड्याचा प्लास्टिकचा नमुना छापायचा, तयार मिळणारी पट्टी त्यावर धरून वाकवायची आणि येत्या आठवड्यात ऑपरेशन. दुसरा म्हणजे यांच्याच मापाची पट्टी धातूच्या भुकटीतून थरावर थर देत छापून घ्यायची. ती बंगळूरची एक कंपनी करून देणार होती, तीन आठवड्यांत.

"दोन्ही चालतात," बाई म्हणाल्या. "पण मला विचाराल तर पहिला रस्ता घ्या. उशीर नको."

नमुना यांनी आपल्याच कारखान्यात छापला. मी डबा घेऊन गेले तर हे मशीनसमोर स्टूल टाकून स्वतःचा जबडा तयार होताना बघत होते. पांढराफेक, दातांसकट. माझ्या अंगावर काटा आला. हे मात्र खुशीत होते.

"आता द्या की तो बाईंकडं. पट्टी वाकवून घेतील," मी म्हणाले.

"वाकवून? गुणा, उभ्या जन्मात वाकवलेला पार्ट कुणाला दिला न्हाई मी. आन् माझ्याच तोंडात घालू?"

"आवं, बाई काय म्हणाल्या? उशीर नको म्हणाल्या न्हवं?"

"तीन आठवड्यांत काय हुतंय? एकदाच बसणार हाय. नीट बसू दे."

मी भांडले, अबोला धरला. आमच्या लेकीला, प्राचीला, सांगलीहून बोलावून घेतलं, तिनंही हातापाया पडून बघितलं. यांनी बंगळूरलाच ऑर्डर दिली. दुसऱ्याच्या कामात 'कवा पायजे' विचारल्याशिवाय कागदावर रेघ न ओढणारा हा माणूस. स्वतःच्या कामात तेवढंच विचारायचं राहून गेलं.

तिकडं कंपनीचं मशीन बंद पडलं. मग कसल्याशा सुट्ट्या आल्या. इकडं यांचं तोंड दिवसेंदिवस कमी उघडायला लागलं. भाकरी सुटली, मग भात सुटला, मग मी वरणाचं पाणी चमच्यानं घालायला लागले. कानाखाली गाठ हाताला लागत होती. "वाकवलेलीच बसवू या आता," मी पुन्हा म्हणाले. हे म्हणाले, "आलीच की. चार दिवसांसाठी कशाला?" मी बाईंना फोन केला, तर बाईही माझ्यासारखंच म्हणाल्या, वाकवलेलीच बसवू, घेऊन या त्यांना. हे उठलेच नाहीत.

शेवटी पट्टी आली. यांनी हात धुऊन, पुसून ती बाहेर काढली आणि प्लास्टिकच्या जबड्यावर ठेवली. बोटाचा जोर लावावा लागला नाही. उजेडाकडे धरून फट शोधली, कुठं केसाएवढी नव्हती. "बग," एवढंच म्हणाले. तेही नीट कळलं नाही. डोळे भरून आले होते यांचे. मीही त्या घटकेला खूश झाले, खोटं कशाला बोलू?

मिरजेला बाईंनी नवीन स्कॅन काढला आणि जुना शेजारी लावला. रोग हाडातून पार मागे, वर सरकला होता. पट्टी ज्या हाडाला धरायची, तिथपर्यंत तो पोचला होता.

"नव्या मापाची केली तर?" यांनी विचारलं. बाईंना समजलं नाही म्हणून मी पुन्हा सांगितलं.

बाई खाली बघत म्हणाल्या, "काका, आता ऑपरेशन करता येणार नाही. दुखणं कमी राहील एवढं बघू."

आम्ही घरी आलो. मला यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि ज्या माणसाला चमच्यानं भरवायचं त्याला हलवणार तरी कसं?

नंतर एका दुपारी कंपनीतून फोन आला. पोरगी गोड आवाजाची, हिंदीत बोलत होती. पट्टी कशी बसली, ऑपरेशन कसं झालं?

"ऑपरेशन झालंच नाही," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

ती घाबरली. "क्यों मॅडम? हमारे साइज में कुछ गलती थी?"

एवढे दिवस साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. बंद पडलेलं मशीन, सुट्ट्या, उशीर, सगळं त्या पोरीच्या पदरात घालणार होते. हे खाटेवरून माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं. नुसती मान हलवत होते, नको, नको. दुसऱ्याच्या चांगल्या कामाला नाव ठेवू नको, असं.

"नाही," मी म्हणाले. "साइज एकदम बरोबर होता."

यांनी डोळे मिटले. सुटल्यासारखा श्वास सोडला. माझा नवरा मरत होता, आणि त्याला समाधान कशाचं वाटलं तर याचं. फोन चालूच होता, पोरगी हॅलो, हॅलो करत होती, आणि मी तोंडात पदर कोंबून रडत होते.