गाडी हगूर करा

कर्नाटकातल्या आमच्या आळंदमध्ये माझ्या मागे मला ‘चारचाकी सर’ म्हणतात. माझ्याकडे चारचाकी नाही. एक जुनी मोटारसायकल आहे आणि ती मी कडगंचीजवळच्या बंद खदानीत दगडांवरून चालवतो. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. यात वेग मोजत नाहीत. आखलेल्या वाटेने दगड चढायचे, उतरायचे आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय टेकला की एक गुण चढतो, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकतो.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेत माझे दोन्ही पाय इतक्या वेळा टेकले, की भोंग्यावर बोलणारा ईरण्णा म्हणाला, “दोन चाकं, दोन पाय. सरांची गाडी चारचाकी हाय बघा.”

भोंगा चांगला होता. माझी मुलगी स्नेहल खदानीजवळच वसतिगृहात राहून शिकते. त्या आठवड्यात तिच्या वर्गातली पोरं तिला ‘चारचाकीची पोरगी’ म्हणू लागली.

“पप्पा, एकदा तरी पाय न टेकता जावा,” ती फोनवर म्हणाली. “न्हाई तर खेळू नका.”

ती हसत नव्हती. पुढच्या स्पर्धेत एक तरी फेरी पाय न टेकता करायची, नाहीतर गाडी विकायची, असं मी तिला कबूल केलं.

उपाय ईरण्णानेच दिला. त्याचा कलबुर्गी रस्त्यावर धाबा आहे. गाडी तो चालवत नाही, पण सल्ला सगळ्यांना देतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, गाडी जरा हगूर माड्री. आगतद.” म्हणजे, गाडी जरा हगूर करा, होईल.

हगूर म्हणजे कन्नडमध्ये हलकं. मराठी कानाला शब्द जरा ओशाळवाणा आहे, पण आमच्याकडे त्याला कुणी हसत नाही. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. हलकं करायचं म्हटल्यावर आधी वजन करणं आलं. गाडी लिंगाप्पा आडत्याच्या काट्यावर, तुरीच्या दोन पोत्यांच्या मधे उभी केली.

“ओली हाय का वाळलेली, सर?” लिंगाप्पाने विचारलं. “ओलावा धरावा लागतंय.”

एकशे अठ्ठावीस किलो भरली. परदेशात या खेळाच्या गाड्या सत्तर किलोच्या असतात, असं मी वाचलं होतं. घरी येऊन कामाला लागलो. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, मागचं मडगार्ड काढलं. सीट काढली, कारण खेळात उभंच राहायचं असतं. स्टँड काढला. चेनच्या झाकणाला भोकं पाडली. शेवटी बोल्टांची जास्तीची टोकं करवतीने कापत बसलो, तेव्हा माझी बायको मंगल अंगणात आली.

“काय करायलाव हो?”

“वजन कमी करायलोय.”

“कुणाचं?”

करवतीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.

“काट्यावर गाडीसंग तुमी बी बसा की एकदा!” ती आणखी मोठ्याने म्हणाली.

बसलो. लिंगाप्पाने आकडा मोठ्याने वाचला नाही, एवढा तो भला माणूस आहे. त्या दिवसापासून मी चहातली साखर बंद केली. चहाबरोबरची भजी चालू ठेवली, कारण त्यांत साखर नसते.

स्पर्धेच्या दिवशी गाडी एकशे नऊ किलोची होती. पिकअपमधून खदानीत उतरवल्यावर लक्षात आलं, की टेकवायला घरची भिंत नसेल तर ती उभी राहत नाही. माझी पाळी येईपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून उभा.

“कामून धरून उभारलाव, सर?” ईरण्णा म्हणाला.

“स्टँड काढलाय.”

“कामून?”

“तुमीच म्हणलाव की, गाडी हगूर करा.”

तेवढ्यात पाण्याचा टँकर उतारावरून मागे येऊ लागला आणि ईरण्णा हात वर करून धावला. “हगूर! हगूर बा!”

टँकर काठोकाठ भरलेला होता. त्याला वजन कमी करायला कुणी सांगत नव्हतं.

हगूर म्हणजे हलकं, आणि हगूर म्हणजे हळूसुद्धा. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बसमधून उतरताना कंडक्टर रोज ‘हगूर इळीरी’ म्हणतो. त्यावर बारीक व्हायचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

“मी म्हणलो हळू चालवा,” परत आल्यावर ईरण्णा म्हणाला. “तुमी दगड दिसला की रेस करतासा.”

माझं नाव पुकारलं गेलं. वाटेच्या शेवटी म्हैस नावाचा काळा दगड होता, माझ्या कमरेइतका. मागच्या वेळी त्याच्यावर मी दोन्ही बाजूंनी पाय टेकले होते. कडेला स्नेहल तिच्या वर्गातल्या पोरांबरोबर उभी होती, हातातला फोन खाली धरून. मी क्लच अर्धा धरला आणि ॲक्सिलरेटर जेमतेम दिला. इंजिन बंद पडायच्या बेतात धापा टाकत होतं, मीही. म्हशीवर पुढचं चाक चढलं, थांबलं. डावा पाय निघालाच होता. तो मी मनातल्या मनात “हगूर” म्हणत दाबून धरला. मागचं चाक चढलं. मग उतार आणि शेवटचं निशाण.

“सरांना शून्य!” ईरण्णा भोंग्यावर ओरडला. मला शून्य मिळालं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

मी इंजिन बंद केलं. गाडी कलली. स्टँड नव्हता. मी दोन्ही पाय टेकले.

स्नेहल रडत, हसत धावत आली. मी चढताना तिला फोनची आठवणच राहिली नव्हती. फोटो तिने आत्ता काढला आणि लगेच आईला पाठवला.

घरी पोचलो तर मंगल दारातच फोन घेऊन उभी. “पाय तर टेकलेत की दोन्ही!”

“ते नंतर.”

“फोटोत कुटं लिवलंय नंतर म्हणून?”

गाडी विकली नाही. नावही गेलं नाही. सोमवारी स्टँड परत बसवला. त्याचं वजन सव्वा किलो. तेवढं मी माझ्या अंगावरचं कमी करीन, असं मंगलला सांगितलं.

“हगूर करा,” ती म्हणाली.

कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.