डाव्या चाकाचं शिसं

मी शिशाचा तुकडा. करंगळीएवढा लांब, वजन चाळीस ग्रॅम. माझी गोष्ट ऐकून कुणाचं भलं होईल असं मला वाटत नाही, पण गप्प बसून तरी कुणाचं झालं?

माझा जन्म पुण्यातल्या मोटार कंपनीच्या गॅरेजात. शिसं वितळवून साच्यात ओतलं, पाठीला पोलादी चिमटा बसवला, आणि माझ्यासारखे शंभर तुकडे एका डब्यात टाकले. एके दिवशी नवीकोरी काळी अँबॅसडर आली. मिस्त्रीनं तिचं पुढचं डावं चाक मशीनवर चढवून गरगरा फिरवलं. कुठलंच टायर सगळीकडून सारख्या वजनाचं नसतं. डोळ्याला गोल दिसतं, पण एका अंगाला उगीच जड असतं. त्या जड अंगाच्या बरोबर समोर, चाकाच्या लोखंडी कडेवर, मिस्त्रीनं मला ठोकून बसवलं. पुन्हा फिरवलं. चाक पाण्यासारखं फिरलं.

"हे काढायचं न्हाई बरं का," मिस्त्री गाडीच्या ड्रायव्हरला म्हणाला.

"का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"काढलं की कळंल."

तो ड्रायव्हर म्हणजे सहादेव. राहुरीजवळच्या एका गावातल्या काकासाहेबांच्या आधीच्या गाडीवरही तोच होता. काकासाहेब म्हणजे ऊस, दोन विहिरी आणि गावात शेवटचा शब्द. सहादेवचं वय चौतीस. त्याला एकच गोष्ट हवी होती, एस.टी.त ड्रायव्हर म्हणून भरती. त्यासाठी मालकाच्या हातचा दाखला लागायचा, इतकी वर्षं गाडी नीट चालवली, वागणूक चांगली, असा. काकासाहेबांकडे मागितला की ते म्हणायचे, "देऊ की. घाई काय हाय? तू गेल्यावर गाडी कोन चालवनार?" असं दीड वर्ष चाललं होतं. पस्तिशीनंतर भरतीत घेत नाहीत, हे काकासाहेबांना चांगलं ठाऊक होतं.

एकाहत्तर सालचा दसरा. गाडी धुऊन पुसून वाड्यापुढं उभी. झेंडूचे हार, हळदीकुंकू, गल्लीतली निम्मी माणसं जमलेली. काकासाहेब गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्यापुढं थांबले.

"हे काय चिकटलंय रे?"

"कंपनीनं लावलंय, मालक. राहू द्या."

"कशाला राहू द्या? एका बाजूला जड आन् एका बाजूला हलकं, असं चाक असतंय व्हय? माझ्या बैलगाडीच्या चाकाला असं ठिगळ मारलं असतं तर त्या सुताराला मी गावातून हाकलला असता. आन पकड."

गल्ली हसली. कुणीतरी म्हणालं, "काकासाहेबांची नजर म्हणजे नजर!" चाक सारखं राहावं म्हणून बसवलेल्या मला, चाक सारखं व्हावं म्हणून उपटलं. अडाणीपणाचा मला राग नाही. अडाणी माणूस विचारतो तरी. ह्या माणसाला दुसऱ्या कुणाला काही विचारणं म्हणजे स्वतःच्या पागोट्याला परक्याचा हात लागल्यासारखं वाटायचं.

सहादेव काही टाकून देणारा नव्हता. त्यानं मला उचललं आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. तिथं एक मोडका कंगवा, दोन बोल्ट आणि पुसायचं फडकं होतं. कप्प्याचं झाकण नीट बसायचं नाही. त्या फटीतून पुढचं सगळं मी पाहिलं.

पहिल्याच नगरच्या फेरीत सुरू झालं. पन्नासपर्यंत काही नाही. साठीला स्टिअरिंगमध्ये बारीक मुंग्या आल्या. पासष्टला ते थरथरायला लागलं. सत्तरला इतकं, की आरशात मागच्या एका झाडाची दोन झाडं दिसायला लागली. पंचाहत्तरच्या पुढं गेलं की पुन्हा कमी. सहादेवला हे विचित्र वाटलं. रस्ता खराब असता तर सगळ्या वेगाला हादरे बसले असते. त्यानं सत्तरला गाडी न्यूट्रल केली, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं. थरथर तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. ब्रेक दाबला नसतानाही होत होतं, म्हणजे ब्रेक नव्हे. मग राहिलं काय? चाक. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण डोकं कसं चालवावं हे त्याच्याकडून शिकावं.

घरी येऊन तो म्हणाला, "मालक, चाकात कायतरी हाय."

"तुझ्या डोक्यात हाय," काकासाहेब म्हणाले.

महिन्याभरानं त्यानं आणखी एक केलं. पुढचं डावं चाक मागं टाकलं, मागचं पुढं आणलं. स्टिअरिंग शांत झालं आणि थरथर मागच्या सीटखाली गेली. मागच्या सीटवर काकासाहेब बसायचे! सत्तरच्या वेगाला त्यांचं पोट, पान आणि बोलणं सगळं एकदम थरथरायला लागलं. मला वाटलं, आता तरी कळेल. बुडाला कळलं म्हणजे डोक्याला कळायला कितीसा वेळ?

"सहादेवा, गाडी खड्ड्यातून घालू नको."

"मालक, रस्ता डांबरी हाय. मी चाक मागं टाकलंय, त्याच्यानं..."

"कुनाला विचारून टाकलं? कंपनीनं जसं दिलं तसं परत लाव."

दसऱ्याला कंपनीला अक्कल नव्हती. आता कंपनी देव झाली. चाक पुढं आलं, थरथर पुन्हा सहादेवच्या हातात आली.

पौषात काकासाहेबांना नगरला काम निघालं. तिथं सहादेवनं गाडी बन्सी मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. बन्सीनं डाव्या टायरवरून नुसता तळहात फिरवला. टायर एकसारखं झिजलं नव्हतं. एक तुकडा खाल्लेला, एक तुकडा उंच, पुन्हा खाल्लेला, एखाद्यानं जागोजाग कुरतडल्यासारखं. मग तो खाली वाकला आणि चाकाच्या कडेवर बोट ठेवलं.

"हितं चिमट्याची खून दिसती. हितं शिसं हुतं. कुनी उपसलं?"

सहादेवनं काकासाहेबांकडं पाहिलं.

"कुनी न्हाई," काकासाहेब म्हणाले. "आली तशीच हाय."

"नीट आठवा काकासाहेब. शिसं असल्याशिवाय हे चाक असं..."

"मी खोटं बोलतोय व्हय?"

बन्सीनं कडेवरचं बोट काढलं. "तसं न्हाई," म्हणाला. "माझ्याकडं मशीन न्हाई. पुन्याला न्या, वजन बसवून देतील."

"नव्हतंच तर बसवायचं काय?"

सहादेव गाडीत येऊन बसला. झाकण उघडून त्यानं मला हातात घेतलं. बाहेर मिस्त्री उभा होता, मालक उभा होता. दोन पावलं चालून जायचं, हात उघडायचा, संपलं. त्यानं मला परत कप्प्यात ठेवलं आणि वर फडकं टाकलं.

मला सहादेवचाही राग आहे. मालकाला चारचौघांत खोटं पाडलं तर दाखला मिळणार नाही, हे त्याचं भय. पण ते सगळं भय नव्हतं. त्याला लहानपणापासून शिकवलं होतं की मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मोठा माणूस खोटं बोलत असेल तर आपण खाली बघायचं. ह्यालाच इकडं संस्कार म्हणतात. चांगल्या चांगल्या माणसांची मान त्यानं वाकडी केलेली मी पाहिली आहे.

मग फेब्रुवारीत संगमनेरकडचे पाहुणे आले. काकासाहेबांच्या मुलीच्या, पुष्पावतीच्या, सोयरिकीचं चाललं होतं. सगळ्यांना गाडीत घालून शिर्डीला दर्शनाला नेलं. परत येताना काकासाहेबांना जोर आला.

"सहादेवा, दाब जरा. पाव्हन्यांना दाखव गाडी कशी पळती."

"मालक, सत्तरला..."

"दाब म्हनलं ना!"

सत्तरवर पाऊण तास. सहादेवनं स्टिअरिंग असं आवळलं होतं, की मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा वर आल्या. मागं बसलेल्या मोठ्या पाहुण्यानं ते थरथरणारे हात बराच वेळ न्याहाळले. मग हलकेच म्हणाला, "काकासाहेब, तुमचा ड्रायव्हर घेतो वाटतं."

इथं काकासाहेब म्हणू शकले असते की चाकात दोष आहे. पण दोष म्हटलं की कुणी केला, हे आलं. ते हसले. "आता काय सांगायचं पाव्हनं," म्हणाले.

घरी पोचल्यावर ओट्यावर चहा आला. गाडी समोरच उभी होती. पाहुणे म्हणाले, गंमत म्हणून म्हणाले, "बघू तरी हात."

"सहादेवा, हिकडं ये," काकासाहेबांनी हाक मारली. "हात पुढं कर."

सहादेवनं दोन्ही हात पुढं केले. हात थरथरत होते. थरथरणारच. पन्नास किलोमीटर थरथरतं लोखंड धरून आलेला माणूस तो. तुम्ही धरून बघा.

"आता बोला!" पाहुण्यांतला एक म्हणाला, आणि ओटा हसला.

"मालक, गाडीचं स्टिअरिंग हलतंय. तुमाला म्हाईत हाय."

"मग आमचे हात का न्हाई हलत?"

"तुमी मागं बसता."

सहादेव वळला, गाडीचं दार उघडलं, फडकं बाजूला केलं आणि मला काढलं. ओट्यावर गेला. मला काकासाहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"दसऱ्याला तुमी काढलं हुतं. तवापासनं हलतंय."

काकासाहेबांच्या हाताला घाम होता. मला तो लागला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखलं. मला शिव्या देऊन, फेकून दिलं असतं तर मी म्हटलं असतं की म्हातारा खरंच विसरला. पण त्यांनी मूठ मिटली आणि मला सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"दारू झाकायला काय काय काढतात बघा लोक," ते पाहुण्यांना म्हणाले. मग सहादेवला, "उद्यापासनं येऊ नको."

तोपर्यंत भरतीची तारीख लागली होती, मार्चमधल्या एका सोमवारी. सहादेवनं दाखला मागितला. ह्या वेळेला काकासाहेबांनी घाई कशाला असं म्हटलं नाही. टेबलाशी बसले आणि लगेच लिहून दिला. मी सदऱ्याच्या खिशातून निघून त्याच टेबलाच्या खणात पडलो होतो. लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते. "सहादेव याने माझी मोटार तीन वर्षे चालवली. इसम नेकीचा आहे. मात्र पिण्यामुळे हात कापतात." 'नेकीचा' लिहिलं म्हणून स्वतःवरच खूश होते.

रविवारी सकाळी तो कागद घेऊन सहादेवची बायको मालनबाई आली. तो स्वतः आला नाही.

"मालक, त्यांनी जन्मात थेंब तोंडाला लावला न्हाई. मी शेजारी निजते, मला वास आला नसता व्हय?"

"बायका नवऱ्याचं झाकतातच."

"मग तुमी कदी पिताना बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? पाव्हन्यांनी हात बघितले."

"येवढी एकच वळ खोडा, मालक. नेकीचा म्हनू नका, चांगला म्हनू नका. नुसती ही वळ खोडा. उद्या नंबर हाय. पुढच्या भरतीला त्यांचं वय बसत न्हाई."

काकासाहेबांनी कागद हातात घेतला, वाचला, तिच्याकडं परत सरकवला.

"मी खोटं लिहीत न्हाई, मालन. आन् लिहिलेलं खोडतबी न्हाई."

पेन ठेवायला त्यांनी खण उघडला. मी समोरच होतो. आमची नजरानजर झाली म्हणा. खण बंद झाला. बाहेर मालनबाईच्या चपलांचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला, पुढं नाही.

सहादेव त्या सोमवारी नगरला गेलाच नाही. तो कागद घेऊन कुठं जाणार? त्या साली पाऊसही झाला नाही. आता तो दुष्काळी कामावर खडी फोडतो. इकडं येणारेजाणारे म्हणतात, "पिऊन वाटोळं केलं बघा." ते म्हणताना त्यांना किती बरं वाटतं!

गाडीवर नवा ड्रायव्हर आहे. काकासाहेबांनी त्याला बजावलंय, पन्नासच्या पुढं जायचं नाही. पन्नासला गाडी हलत नाही. म्हणून सगळं गाव म्हणतं, गाडीत काही नव्हतंच, सहादेवच हलत होता.

तुमच्याकडं मोटार असेल तर एवढं ऐका. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरलं, पुढं कमी झालं, तर पुढचं चाक बघा. सीट थरथरली तर मागचं. टायरवरून तळहात फिरवा. चाकाच्या कडेला चिमट्याची रिकामी खूण आहे का ते पाहा. आणि गाडीतला माणूस थरथरताना दिसला, तर त्याचं तोंड हुंगण्याआधी एकदा त्याच्या जागेवर बसा.

मला मात्र आता बाहेर काढून उपयोग नाही. ते डावं टायर कुरतडून कुरतडून वर्षात संपलं, नवं आलं. मला तोलून ठोकलं होतं ते जुन्या टायरसाठी. नवं टायर घातलेल्या चाकाच्या कडेवर मला बसवलं तर तेही थरथरायला लागेल. म्हणजे उद्या काकासाहेबांना उपरती झाली, तरी त्यांनी माझं करायचं काय?

एकच मागणं उरलंय. काकासाहेब गेल्यावर त्यांची पोरं हा खण उपसतील. शिक्के, जुनी पत्रं आणि मी निघेन. तेव्हा त्यांनी निदान एकदा विचारावं, मोटारीच्या चाकाचं शिसं बापाच्या खणात कसं आलं?

विचारणार नाहीत. ह्या घरात विचारायची सवय कुणालाच लावलेली नाही.