गाडीने दिलेला कौल

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, आणि गुहागरकडच्या त्या वाडीला विषय मिळाला. बाराव्याला सगळी वाडी आत्मारामच्या अंगणात, त्याच्या आठ महिन्यांच्या पांढऱ्या गाडीभोवती जमली.

आप्पा भगताने बॉनेटवर नारळ ठेवला. "आत्मारामा, तुझा जीव कशात अडकलाय? खालची बाग धाकट्या भावाच्या नावावर करायची काय?"

गाडीत कुणी नव्हतं. चावी आत्मारामच्या बायकोच्या, कमळाच्या मुठीत होती. तरी दिवे लुकलुकले, हॉर्न दोनदा वाजला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

कमळाला काहीच वाटलं नाही. नवरा गेल्यापासून तिला भूक नव्हती, रडूही नव्हतं. पण आप्पाचं पुढचं बोलणं कानात शिरलं.

"रत्नागिरीहून डॉक्टरांचा रिपोर्ट घेऊन येताना तुम्ही दोघं आरे-वारेच्या किनाऱ्यावर छत्तीस मिनिटं थांबलात. तोच सांगतोय मला."

ही गोष्ट तिने पोटच्या मुलीलाही सांगितली नव्हती. म्हणजे हे इथेच आहेत? तसं असेल तर बाग गेली तरी चालेल. तिने पेन घेतलं. स्टॅम्पपेपर तिच्या दिराने, महिपतने, आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. आत्म्यापेक्षा घाई त्यालाच.

पण छत्तीस मिनिटं? आत्मारामने जन्मात मिनिटं मोजली नव्हती. त्याचं सगळं 'वाईच', म्हणजे थोडंसंच, असे. तिने मान वर केली. सगळ्यांचे हात जोडलेले होते. महिपतचा एक खिशात होता.

"बागेचं बागेतच विचारू," ती म्हणाली.

"वैनी, इथं उत्तर मिळालंय ना?"

"मग तिथेही मिळेल."

कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने, समीक्षाने, गाडी उतारावरून खाली नेली. पोफळीच्या त्या खळग्यात कुणाचाच फोन लागत नाही. मुंबईला बोलायचं तर सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, चढावं लागतं. आप्पाने तीनदा विचारलं. गाडी गप्प. महिपतचा हात खिशात चुळबुळत होता.

"आप्पा, आत्म्यालाही रेंज लागते काय?" समीक्षाने विचारलं.

वर आल्यावर कमळाने दिराकडे फोन मागितला. वाडीसमोर त्याला नाही म्हणता येईना. आत्मारामकडे साधा फोन, म्हणून गाडी घेताना शोरूममध्ये महिपतचा नंबर दिला होता. गाडीचं ॲप त्याच्याच फोनात होतं. समीक्षाने एक बटण दाबलं, हॉर्न वाजला. दुसरं दाबलं, तर गाडी कुठे कुठे गेली त्याची यादीच उघडली. दवाखाना. मग आरे-वारे, इंजिन बंद, छत्तीस मिनिटं.

कमळा त्या ओळीकडे बघत राहिली.

"आम्ही काय बोललो ते यात नाही. ते तुम्हाला नाही मिळालं, भावजी."

मग ती वाडीकडे वळली. "मेलेलं माणूस बोलत नाही. गाडी बोलली तर ती कुणाच्या फोनला जोडलीय ते आधी बघा. हात नंतर जोडा. आणि आपापल्या घरच्या गाड्याही आजच तपासा."

समीक्षाने ॲपमधून महिपतचा नंबर काढून टाकला. आप्पा नारळ पायरीवर टाकून कधीच सटकला होता.

आता तरी रडू येईल म्हणून कमळा वाईच थांबली. आलं नाही. मग नारळ उचलून ती आत गेली. बाराव्याच्या जेवणाला नारळ कमी पडत होते.