मांडीवरचा ठिपका

आईने खोडरबर उचलला आणि आत्याला पुसून टाकलं. आधी अंबाडा, मग हात, शेवटी मांडी. मांडीवर एक ठिपका होता, तोही गेला. तो ठिपका म्हणजे पिटुकली स्वतः.

“आता फक्त तू. मधोमध आणि मोठी,” आई म्हणाली.

पिटुकलीने पेन्सिल चावली. “मग मी बसू कुठे?”

झालं होतं असं, की शाळेच्या प्रवेशाला ‘स्वतःचं चित्र काढ’ म्हटल्यावर पोरीने अख्खं घर कागदावर आणून बसवलं होतं. आजोबा, काका, काकू, आईबाबा, आणि सगळ्यांत ऐसपैस आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई चष्म्याच्या दुकानात कामाला जायची आणि पोर आत्याच्या अंगाखांद्यावर वाढत होती. एवढ्या गर्दीत पिटुकलीच्या वाट्याला ठिपक्याएवढीच जागा उरली, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार शाळेच्या समुपदेशक बाईंची होती. त्यांनी चित्राशेजारी छापील तक्ता ठेवला आणि सांगितलं, की मुलीला अजून ‘मी’ची जाणीव आलेली नाही. या वयाचं मूल स्वतःला मोठं काढतं, एकटं काढतं. तसं नसेल तर विकास मागे पडलाय असं समजायचं आणि वर्षभर लहान गटात बसवायचं. आईने चाचरत विचारलं, असं कुठली मुलं काढतात? बाईंनी तक्त्यावरच्या परदेशी विद्यापीठाच्या नावावर बोट ठेवलं.

“सगळीच,” त्या म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आला. “मी लहानपणी काय काढलं असतं, कोण जाणे. पण शाळा हेच धरते. सोमवारी पुन्हा आणा तिला.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी आईने रजा काढली आणि खोलीचं दार लावून शिकवणी सुरू केली. बाबा म्हणाले, एका चित्राचं काय एवढं, काढू दे तिला शाळेला हवं तसं. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, पण खोडरबर काही त्यांच्या हातात नव्हता. बाहेरून आत्या दोनदा विचारून गेली, दार का लावलंय म्हणून. तुमची मांडी पोरीच्या विकासाच्या आड येते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दार उघडलं तर आत्या कागद बघणार आणि नाही उघडलं तर मनाला लावून घेणार. आईला स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखं झालं. तिने पंखा वाढवला आणि नवा कागद पुढे सरकवला.

पिटुकली पुन्हा आत्यापासूनच सुरुवात करायची. आई पुन्हा पुसायची. संध्याकाळपर्यंत पोर शिकली.

सोमवारी तिने एक भलीमोठी मुलगी काढली. केस कागदाच्या वरच्या कडेला टेकलेले, पाय खालच्या. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाई खूश झाल्या, प्रवेश पक्का झाला, चित्रही घरी न्यायला दिलं. रिक्षात आईला इतकं हलकं वाटलं की तिने पोरीचे पटापट मुके घेतले.

घरी आत्याने ओले हात पदराला पुसले आणि चित्र लांब धरून पाहिलं.

“केवढी मोठी झाली गं माझी बाय!” मग तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. “आणि मी कुठेय यात?”

पिटुकलीने खाली मान घातली. आत्या हसली, म्हणाली, असू दे, जागा पुरली नसेल. खुर्चीत बसून तिने रोजच्यासारखी मांडीवर थाप मारली.

पिटुकली धावत निघाली आणि मध्येच थांबली. तिने वळून आईकडे पाहिलं.

“आई, घरी मांडीवर बसलं तर चालतं ना?”

आत्याचा हात मांडीवर तसाच राहिला. तीही आता आईकडेच बघत होती.