मुंबईची दिव्यानी

चंद्रपुरात जाहिरातीच्या ऑटोवर माइक धरून मला सव्वीस वर्षं झाली. नाटकं, ऑर्केस्ट्रा, कव्वालीचे मुकाबले, सगळ्यांना गर्दी मी जमवून दिली आहे. माइक मी कुणाच्या हातात देत नाही, आणि माझा एक नियम आहे. गाणारी कुठलीही असो, पोस्टरवर तिला मुंबईची करायचं. शेजारच्या गावची पोरगी गाणार म्हटलं तर लोक बिडी पेटवून घरीच बसतात. घुग्घुसच्या एका बाईला तर मी हैदराबादची केली होती. लोक तिच्याशी अदबीनं हिंदी बोलायचे, आणि ती बिचारी मान डोलवायची.

दिव्यानी गडचिरोलीतल्या चामोर्शीजवळच्या हळदटोल्याची. झाडीपट्टीच्या नाटकांत दोन प्रवेशांच्या मधे गायची. आवाज असा, की मागच्या रांगेत पेंगणारा माणूस ताठ बसावा. पहिल्याच हंगामात मी तिला ‘मुंबईची दिव्यानी’ केलं. अक्षरं मोठी घेतली, त्यामुळं गावाला आणि आडनावाला जागाच उरली नाही. दरवर्षी दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरायला लागली, खेळ लागले, की ती माझ्याकडं एकच गोष्ट मागायची.

“मुजफ्फरभाऊ, औंदा तरी माह्या गावाचं नाव टाका ना. इतकी वर्षं झाली, बाबा एकदाबी आले नाई माह्या गाण्याले.”

“गावाचं नाव टाकलं तं बाबा येतीन, पन बाकीचे येनार नाई,” मी म्हणायचो.

पोरगी स्टेजवर गाते याची तिच्या बापाला, इसरूभाऊला, लाज वाटते, पोस्टरवर गावाचं नाव मानानं आलं तर ती लाज जाईल, अशी तिची समजूत होती. मीही तसंच धरून चाललो होतो. मला ते सोयीचं होतं.

२००८ साली माझी मुलगी मदीहा जटपुरा गेटजवळच्या नेट कॅफेत कामाला लागली. आता नुसत्या ऑटोवर भागणार नाही, कलाकाराला नेटवर आणलं पाहिजे, असं तिनं माझ्या डोक्यात भरवलं. तिनं दिव्यानीचं पान ऑर्कुटवर उघडलं, मोबाइलवर घेतलेली तीन गाणी नेटवर चढवली, आणि माझी सहा वर्षांची पोस्टरं स्कॅन करून ओळीनं लावली. गावाच्या रकान्याशी येऊन ती थांबली.

“अब्बा, इधर भी मुंबईच डालूं क्या?”

“और क्या,” मी म्हणालो. सगळी दुनिया बघणार, तिथं हळदटोला लिहायचं होय?

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका संस्थेचं पत्र त्या पानावर आलं. लोकसंगीताचा मोठा कार्यक्रम होता. मदीहानं मला वाचून दाखवलं: “दिव्यानीताईंचा आवाज फार आवडला. परंतु आम्हाला गडचिरोलीकडच्याच गायिका हव्या आहेत, आणि ताई मुंबईच्या आहेत. आपल्या ओळखीत तिकडची कुणी असल्यास कळवावे.”

ती इकडचीच आहे हो, असं मी लगोलग लिहायला लावलं. चार दिवसांनी उत्तर आलं. सहा वर्षांच्या पोस्टरांवर मुंबई आहे, आता आम्ही काय खरं धरायचं, क्षमस्व. पुरावा माझाच होता, आणि तो मीच हौसेनं टांगून ठेवला होता.

दिव्यानीला मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, चांगली झापेल. ती म्हणाली, “पुन्याचं राहू द्या भाऊ. चामोर्शीच्या बाजारात एकदा माह्या गावाचं नाव घ्या.”

बाजाराच्या दिवशी ती मागच्या सीटवर ओढणी आवळून बसली. मी माइक धरला आणि सवयीनं तोंडातून निघालं, “मुंबईची...” जीभ चावली. मग म्हणालो, “हळदटोल्याची दिव्यानी! आपल्या चामोर्शीच्या मंडईत, शनिवारी!”

वांग्यांच्या ढिगामागून एक म्हातारा उठला आणि सरळ ऑटोपुढं येऊन उभा राहिला. इसरूभाऊ होता. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरतो.

“आज कसं गाव आठोलं?” तो म्हणाला. “पोरगी मोठी झाली, तिनं गावाचं नाव पुसलं. मंग मुंबईच्या पोरीचं गानं आयकाले मी काऊन येऊ?”

“तिनं नाई पुसलं भाऊ,” मी म्हणालो. “म्या पुसलं. ते तं दरसाल हात जोडत होती.”

त्यानं मागच्या सीटकडं पाहिलं. दिव्यानी मान वर करेना. मला स्वतःची इतकी शरम आजवर वाटली नव्हती.

“मंग नुसतं गाव काऊन सांगता?” तो म्हणाला. “पुरं नाव घ्या.”

मी माइक तोंडाशी नेला, “दिव्यानी...” म्हणालो आणि तिथंच अडलो. सहा हंगाम या पोरीचं नाव मी गावोगाव ओरडत फिरलो होतो, आणि तिचं आडनाव मला ठाऊक नव्हतं.

इसरूभाऊनं हात पुढं केला. मी माइक दिला.

“दिव्यानी इसरू बारसागडे,” सगळ्या बाजारात आवाज गेला. “हळदटोला. माही पोरगी आहे. शनिवारी मीबी येऊन राह्यलो.”