बायजाबाई फाउंडेशनची मुलाखत

सांडोरच्या व्हेरोनिकाने बायजाबाई स्मृती फाउंडेशनकडे चार वर्षांत चार अर्ज केले आणि चारही परत आले. पहिला म्हणे फारच लांबलचक. दुसरा फारच त्रोटक. तिसऱ्यावर एकच प्रश्न: यात नवीन काय? आता अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसायचं, कूस बदलायची, यात नवीन काय असणार? माणसाची पाठ जुनीच असते! चौथ्या वेळी कारणही नाही, नुसत्या शुभेच्छा.

पाचव्या वर्षी मात्र मुलाखतीचं बोलावणं आलं. तिच्या सहा बाया घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करायच्या. त्यांच्या पगाराची सोय झाली नाही, तर महिनाअखेर काम बंद. व्हेरोनिका भर दुपारी आगाशीच्या बंगल्यावर हजर झाली.

"साहेब जेवतायत," म्हणत गड्याने तिला आतल्या खोलीत बसवलं. सागवानी पलंग, पांढरीशुभ्र चादर, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली एक म्हातारी.

"पोरी, पानी दे गे," म्हातारी पुटपुटली. "आनि जरा वळव मला."

वीस वर्षांची सवय! व्हेरोनिकाने फाइल खाली ठेवली, हात धुतले, घोट घोट पाणी पाजलं, मग खांद्याखाली नि कमरेखाली हात घालून म्हातारीला वळवलं. वजनाला कापूस, पण मासळीच्या टोपलीतल्या बर्फासारखी गार. व्हेरोनिकाने खालची कूस पाहिली आणि तिचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात ढेकर देत फाउंडेशनचे मालक शत्रुघ्नशेठ आले, मागून त्यांचा मुलगा हितेश.

"काय ओ शेठ, आईला कधीपासून एकाच कुशीवर टाकलंय? त्या कुशीची पार चाळण झालीय! दर दोन तासांनी वळवायला नको?"

"मॅडम," हितेश थंडपणे म्हणाला, "बायजाबाई आजीला जाऊन सहा वर्षं झाली. ही तिची स्मृतिखोली आहे."

व्हेरोनिकाने मान वळवली. पलंग रिकामा. पेला मात्र तळापर्यंत कोरडा. एका वाक्यात पाचवा अर्जही बुडवला, तिच्या मनात आलं.

"शिवाय पगारासाठी आम्ही देत नाही. पॉलिसी आहे. तुमचं एखादं ॲप वगैरे असतं तर..."

"थांब रे," शत्रुघ्नशेठ म्हणाले. "बाई, कोणत्या कुशीवर होती?"

"डाव्या. भिंतीकडे तोंड."

शेठ मटकन खुर्चीत बसले. "शेवटचे अकरा महिने तशीच पडून होती. आम्हाला वाटायचं, तिला तसंच बरं वाटतंय."

पलंग करकरला. चादरीच्या मधोमध खळगा पडला. तिघांनीही पाहिला.

"बाई, तुम्ही गेल्यावर हिला कोण वळवणार?"

व्हेरोनिकाच्या डोळ्यांपुढे सहा बाया उभ्या होत्या. "माझ्या बाया येतील की. पगार मिळाला तर."

"पप्पा, पॉलिसी..."

"पॉलिसी तू तिलाच वाचून दाखव."

हितेशने पलंगाकडे पाहिलं आणि मुकाट्याने पेन पुढे केलं. सहाही बायांच्या वर्षभराच्या पगारावर सही झाली.

व्हेरोनिकाने कागद आधी पर्समध्ये घातला, मग म्हणाली, "बाया उद्यापासून. आजची पाळी तुमची. हात धुऊन या, शिकवते."

शेठ ओले हात घेऊन पलंगाशी आले. चादरीवरचा खळगा हळूच पलीकडे सरकला, लेकाला बसायला जागा करून देत.